घुसवलेलं आंब्याचं झाड

एका फेब्रुवारीत आमच्या ऑफिसमधून एका माणसाला कमी केलं. तो आमचा टेस्ट लीड होता, म्हणजे टेस्टिंग टीमचा प्रमुख. पन्नाशी ओलांडलेला, जन्मापासून इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्समध्येच राहिलेला, कमी बोलणारा. सोमवारी त्याने लॅपटॉप परत केला. आम्ही केक कापला, कार्डावर सह्या केल्या. मंगळवारी सकाळी मी गाडी लावायला गेले, तर पुढच्या रांगेत त्याची निळी गाडी उभी आणि तो आत बसलेला. दुपारी एक वाजता मी वरच्या खिडकीतून पाहिलं, तेव्हा तो सँडविच खात होता. पाच वाजता गेला. असं तो अकरा दिवस आला. घरी सांगितलं नसावं, एवढं आम्ही सगळ्यांनी ताडलं. खाली जाऊन त्याच्याशी बोललं मात्र कोणीच नाही, मीही नाही. बाराव्या दिवशी गाडी आली नाही. त्या शनिवारी मी लिहायला बसले.

नागपूरला असताना माझ्या चार-पाच कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. इथे आल्यावर नोकरी, व्हिसा, घर बदलणं यांत सहा वर्षं गेली आणि मी एक ओळ लिहिली नाही. ही गोष्ट मात्र तीन बैठकांत झाली. नवऱ्याने वाचली, म्हणाला, "छान आहे गं. पण शेवटी त्याचं काय होतं?" आणि उत्तराची वाट न बघता मीटिंगला गेला. मला लिहिणारी माणसं हवी होती, एखाद्या वाक्यावर अडून बसणारी, 'हे खोटं वाटतंय' म्हणणारी. लायब्ररीत एक पत्रक दिसलं: दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ, दहा आठवड्यांची लेखन कार्यशाळा, सर्वांचं स्वागत. मी नाव दिलं आणि दोन रविवार खर्चून कथा इंग्रजीत केली.

वर्गात आम्ही नऊ जण होतो. शिकवणाऱ्या बाईंच्या दोन कादंबऱ्या छापून आल्या होत्या. आवाज इतका मऊ की आपण काही चुकीचं बोलूच शकत नाही असं वाटावं. माझ्या शेजारी एक निवृत्त लॉरी ड्रायव्हर बसायचे. त्यांच्या पत्नीला विसरण्याचा आजार झाला होता आणि ते दर आठवड्याला तिच्याबद्दल एक पान लिहून आणायचे, मोठ्या अक्षरांत, पेन्सिलीने.

तिसऱ्या आठवड्यात मी माझी कथा वाचली. संपल्यावर लॉरीवाले म्हणाले, "तो एक वाजताच का खातो, ते मला कळलं. रिटायर झाल्यावर महिनाभर मीही तसंच केलं. कोणी घड्याळ बघत नव्हतं तरी." मला फार आनंद झाला. एवढ्यासाठीच तर आले होते मी.

मग बाई म्हणाल्या, "सुंदर. पण यात तू कुठे आहेस?"

"मी खिडकीत आहे," मी म्हटलं.

"तसं नाही. तुझा आवाज कुठे आहे? तुझी संस्कृती, तुझी माणसं? हे काय, कुणीही लिहिलं असतं. जे फक्त तूच देऊ शकतेस, ते आम्हाला दे."

कुणीही लिहिलं असतं! त्या ऑफिसात दोनशे माणसं होती, अकरा दिवस सगळ्यांना ती गाडी दिसत होती, आणि लिहिलं फक्त मी. माझ्या समोर बसणारी एक बाई रोमन सैनिकाची कथा लिहीत होती. ती काही रोमन नव्हती, सैनिकही नव्हती. तिला कोणी विचारलं नाही की यात तू कुठे आहेस. तिच्या सैनिकाच्या चपलांवर वीस मिनिटं चर्चा झाली.

लायब्ररीपासून घरापर्यंत नऊ राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात. प्रत्येकावर मला एक नवीन उत्तर सुचलं. वर्गात एकही सुचलं नव्हतं.

मला वाटलं, चूक माझीच. आपल्या भाषेतली गोष्ट आपल्या माणसांत न्यायला हवी होती. वॉटफर्डच्या मराठी मंडळाची साहित्य संध्या होती, तिथे मूळ मराठी कथा पाठवली. आठवड्याने कार्यक्रमाचं काम बघणाऱ्या काकांचा फोन आला. काका चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले, अत्यंत गोड बोलणारे.

"अहो, काय भाषा आहे तुमची! झकास. फक्त विषय जरा... गोऱ्या माणसाचं दुःख आपण कशाला वाहायचं? आपली माणसं शनिवारी दमून येतात हो. त्यांना गावाकडचं काहीतरी द्या. आईच्या हातचं, अंगणातलं."

"काका, माझी आई वीज मंडळात नोकरीला होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. अंगण नव्हतंच."

"अहो, मग कल्पनेने लिहा की! लेखिका ना तुम्ही?"

लेखिका म्हणून माझ्या कल्पनेला एवढीच मोकळीक होती. अंगण कल्पायला परवानगी, डोळ्यांनी पाहिलेली गाडी मात्र नको. तरी मी हट्ट सोडला नाही, तेव्हा काकांनी लावणी आणि जेवण यांच्या मधली पाच मिनिटं दिली. मी वाचत असताना मागे ताटं मांडण्याचे आवाज येत होते. शेवटचं पान उरलं होतं आणि माइक बंद झाला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळे उठले.

रांगेत उभी असताना एक बाई माझ्याजवळ आल्या. पन्नाशीच्या, वॉटफर्डमध्येच जन्मलेल्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. "तुमचा गोष्ट आवडली," त्या म्हणाल्या. "शेवट ऐकलं नाही. त्याचा बायकोला कधी कळतो?"

"मला माहीत नाही," मी खरं सांगितलं.

"असं कसं? तो रोज डबा कोण भरून देतो? ती देते ना? तिला नक्की काहीतरी कळतो."

मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले. चार महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मलाही सुचला नव्हता. त्या आठवड्यात मी कथेत एकच वाक्य घातलं: नवव्या दिवसापासून सँडविचबरोबर थर्मासही येऊ लागतो. बास. तिला कळलेलं आहे, हे कळायला तेवढं पुरे होतं. लॉरीवाल्यांनी ते वाक्य वाचून नुसतं टेबलावर बोट आपटलं.

कार्यशाळा संपताना सगळ्यांच्या लेखनाचं एक पुस्तक छापायचं ठरलं. मी कथा दिली. बाईंची मेल आली की किरकोळ दुरुस्त्या करते आहे, स्वल्पविराम वगैरे. मी बरं म्हटलं. पुस्तक हातात पडलं ते थेट प्रकाशनाच्या दुपारी, लायब्ररीत, माझी वाचायची पाळी यायच्या पंधरा मिनिटं आधी.

मी माझं पान उघडलं. थर्मासचं वाक्य नव्हतं. त्याच्या जागी आठ ओळी होत्या. त्यांत खिडकीतली स्त्री आपला डबा उघडते, वेलदोड्याचा आणि हळदीचा वास दरवळतो, आणि खालच्या त्या एकट्या माणसाकडे बघताना तिला आठवतं आपल्या आईचं अंगण आणि अंगणातलं आंब्याचं झाड.

मी नागपूरची. घालायचंच होतं तर निदान संत्र्याचं तरी घालायचं!

बाई कपात चहा ओतत होत्या. मी पुस्तक त्यांच्यासमोर धरलं. "हे मी लिहिलेलं नाही."

"अगं, थोडंसं एडिटिंग. वाचकाला धरायला काहीतरी हवं होतं. मी मेल केली होती ना?"

"स्वल्पविरामाची केली होती."

"मी तुझ्यासाठीच केलं," त्या त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "तुझी गोष्ट उठून दिसावी म्हणून."

माझं नाव पुकारलं गेलं. समोर तीस-पस्तीस माणसं, घरून करून आणलेले केक, बाहेर पाऊस. मी वाचायला लागले. त्या आठ ओळींपाशी आले आणि थांबले. मी म्हटलं, "पुढच्या आठ ओळी माझ्या नाहीत. मला न विचारता घातल्या आहेत. माझ्या आईला अंगण नव्हतं, झाड नव्हतं, आणि त्या दिवशी माझ्या डब्यात पास्ता होता." लॉरीवाले मोठ्याने हसले. बाकी कोणाला हसावं की नाही ते कळेना. मी फोन काढला आणि उरलेली कथा माझ्या मूळ प्रतीतून वाचली. थर्मासपाशी पहिल्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले.

टाळ्या पडल्या, पण बिचकत. बाईंचा चेहरा लाल झाला होता. नंतर रोमन सैनिकवाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पण ते झाडाचं खरंच किती छान होतं गं."

चार दिवसांनी बाईंची मेल आली. 'तुला असं वाटलं याचं मला वाईट वाटतं.' मी ते वाक्य दहादा वाचलं. त्यांना माझ्या वाटण्याचं वाईट वाटत होतं, स्वतःच्या करण्याचं नाही. मी तीन मेल लिहिल्यावर त्यांनी लायब्ररीच्या वेबसाइटवरची प्रत बदलली. छापील प्रती तशाच राहिल्या. लायब्ररीच्या शेल्फवर माझ्या नावाखाली ते झाड अजून उभं आहे, आणि एखादा वाचक ते माझंच समजून वाचत असेल, या विचाराने आजही माझं डोकं तापतं.

लॉरीवाल्यांनी फोन करून विचारलं, "मग मंगळवारी आता काय करायचं?" आम्ही शहराबाहेरच्या एका गार्डन सेंटरच्या कॅफेत भेटू लागलो. मी वॉटफर्डच्या शिक्षिकेलाही बोलावलं. ती यायला लागली आणि दोन भेटींत आम्ही अगं-तुगंवर आलो. मी मराठीत वाचायचे, मग इंग्रजीत सांगायचे. ती रोमन लिपीत मराठी लिहायची: तिच्या आईबद्दल, आईच्या शिवणाच्या दुकानाबद्दल. पहिलीच गोष्ट इतकी जिवंत होती की मी आपण होऊन ती देवनागरीत टाइप करून नेली.

तिने पान वाचलं. मग म्हणाली, "हे माझा नाहीये."

"अगं, सगळं तुझंच आहे. फक्त लिंगं सुधारलीत. 'आई दुकान उघडला' असं नाही म्हणत."

"आम्ही घरात असंच बोलायचो. आई पण हसायचा नाही. तू मला विचारलं का?"

मला रागच आला. व्याकरण म्हणजे काय आंब्याचं झाड आहे? मी तसं बोललेही, आणि तोंडातून निघाल्याबरोबर थांबले. लॉरीवाल्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण ते आमच्या तोंडांकडे बघत होते, म्हणून काय झालं ते मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी माझा कप माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "तू तिला विचारलं होतंस का?" मी नाही म्हटलं. मला माझी फार लाज वाटली. घरी येऊन मी एकेक शब्द तिने लिहिला होता तसा परत केला. पुढच्या मंगळवारी तिने स्वतः बसून त्यातल्या तीन जागा बदलल्या, बाकीच्या ठेवल्या. का ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ती गोष्ट आम्ही मंडळाच्या स्मरणिकेसाठी पाठवली. काकांचं उत्तर आलं: व्याकरण सुधारून पाठवा. मी फोन लावला.

"अहो, लोक हसतील तिला," काका म्हणाले. "तिच्या भल्यासाठीच सांगतोय."

"काका, तिच्या आईने कित्येक वर्षं तुमच्या मंडळाच्या नाटकांचे पोशाख शिवले. घरात त्या दोघी याच भाषेत बोलायच्या. छापायचं तर असंच छापा."

काका म्हणाले, "बघतो."

स्मरणिका आली. गोष्ट शब्द न शब्द तशीच होती. शिक्षिकेने तिच्या आईच्या फोटोशेजारी अंक ठेवून मला फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला तेव्हा पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप दिसली: 'लेखिका येथेच वाढलेल्या असल्याने भाषेतील त्रुटींबद्दल वाचकांनी क्षमा करावी.'

मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. मी परत लावला.