खुडूक कोंबड्यांचं गिऱ्हाईक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, आणि जुनी प्रकरणं उगाळत बसू नका असं डॉक्टरांनी बजावलं आहे. पण पुंडलिकनगरातून सकाळी फिरायला निघालो आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेला एखादा गृहस्थ निसर्गप्रेमावर बोलायला लागला, की मला आमच्या ठाण्यातला बाक आणि त्या बाकावर विनाकारण बसवलेला एक माणूस दिसू लागतो.

तेव्हा जिल्ह्याला औरंगाबादच म्हणत. मी पैठण तालुक्याच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. बांधावरून झालेल्या मारामाऱ्या, विहिरीवरच्या मोटारींच्या चोऱ्या, हातभट्टी, असं आमचं नेहमीचं काम. पेरण्या उलटून खुरपणी सुरू झाली की माणसं रानात अडकतात आणि ठाण्याला जरा उसंत मिळते. अशाच एका सकाळी दोन गाड्या आवारात येऊन थांबल्या. त्यातून सात-आठ शहरी मंडळी उतरली. पायात बूट, डोक्यावर टोप्या, हातात कॅमेरे.

हे एक निसर्गमंडळ होतं. दर रविवारी ही मंडळी शिवारात पायी फिरायची, झुडपात आणि गवतात दडलेली पक्ष्यांची घरटी शोधायची, ती कुणाची ते ओळखायची आणि शेतकऱ्यांना ती जपायला सांगायची. काम चांगलं होतं, यात शंका नाही. मंडळाचे अध्यक्ष शहरात प्लॉटचा व्यवसाय करत. बोलणं साखरेसारखं गोड आणि ओळखी वरपर्यंत. त्यांची तक्रार अशी होती की लांडोरीची, म्हणजे मोराच्या मादीची, एकामागून एक घरटी रिकामी होत आहेत. कोल्ह्या-मुंगसानं खाल्ली असती तर टरफलं पडली असती. इथं टरफल नाही, पीस नाही, सगळी अंडी अलगद उचललेली. मोर राष्ट्रीय पक्षी, त्याच्या अंड्याला हात लावणं गंभीर गुन्हा. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मी विचारलं, संशय कुणावर? अध्यक्षांनी त्या शिवारातल्या रखवालदाराचं नाव घेतलं. पुरावा काय, तर तो फासेपारधी आहे.

या एका वाक्यानं किती माणसांची आयुष्यं नासली ते मी नोकरीभर पाहिलं. कुठं काही हरवलं की आधी पारध्याचं पाल उलथायचं, विचार नंतर करायचा. हा माणूस चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून ठेवलेला राखणदार. फास त्याच्या बापानं टाकला असेल, यानं पिकं राखण्यात उमर घातली होती. मी पंच घेऊन त्याच्या खोपटात गेलो. मोराची गळून पडलेली पिसं सापडली, तशी त्या भागात घरोघरी सापडतात. अंडं नाही, जाळं नाही, फास नाही. पंचनाम्यात तसं लिहिलं. पण तोवर वरून फोनवर फोन सुरू झाले होते. शेतकऱ्याची मोटार चोरीला जाते तेव्हा एक फोन येत नाही.

शेवटी वरिष्ठांचा आदेश आला की चौकशी पुरी होईपर्यंत त्याला रोज दिवसभर ठाण्यात हजर ठेवा. अटक दाखवायला मी साफ नकार दिला, पण हजेरी टळली नाही. सकाळी तो यायचा, सूचनाफलकाखालच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसायचा, संध्याकाळी जायचा. येणारा-जाणारा त्याच्याकडं पाहून समजायचं ते समजायचा. दुपार कलली की तो दाराबाहेर रानाच्या दिशेनं पाहत राही.

तो काय पाहतो ते मला एका शेतकरीण बाईनं सांगितलं. त्याच्यासाठी भाकरी घेऊन ती ठाण्यात आली होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. तिच्या शिवारात एक जुनी रीत होती. खुरपणीच्या वेळी लांडोर बसलेली दिसली की तेवढा गवताचा टापू तसाच सोडायचा. मजूर बायका तिथं आल्या की वळसा घालून पुढं जायच्या, मोठ्यानं बोलायच्याही नाहीत. तिच्या सासूनं तिला हे शिकवलं होतं. ओढ्याकाठच्या तिच्या कपाशीत अजून एक घरटं शाबूत होतं, या मोसमातलं शेवटचं.

"सायेब, ह्यानं न्यायची असती तर इतकी सालं काऊन थांबला असता?" ती म्हणाली. "ह्याला हितं बसवलंय, अन् तिकडं ती लांडोर एकली बसलीया. तिच्याकडं कोण बघायचं?"

माझ्याकडचे शिपाई समन्स-वॉरंटात अडकलेले होते. वनरक्षकाला निरोप धाडला, तो एक चक्कर टाकून गेला. राग असा आला होता की समोरचं टेबल उलटवावंसं वाटे. चोर मोकळा, राखणदार बाकावर, आणि हे सगळं संरक्षणाच्या नावाखाली.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी तीच बाई धापा टाकत आली. पदर सुटलेला, हातात खुरपं तसंच. कपाशीतली अंडी गेली होती. तिनं बाकावरच्या राखणदाराकडं पाहिलं आणि खुरपं खाली टाकलं. तो सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर होता, हजेरीची नोंद ठाणे अंमलदारानं केलेली होती. त्या सकाळी तो ठाण्याकडं निघून गेल्यावरही अंडी जागेवर असल्याचं तिनं स्वतः पाहिलं होतं. ज्याला चोर ठरवायला अर्धं शहर उठलं होतं, त्याचा निर्दोषपणा खुद्द पोलीस ठाण्यानं सिद्ध करून ठेवला होता.

मी तिला पाणी दिलं आणि सकाळपासून शेतात कोण कोण आलं ते विचारलं. मजूर बायका खुरपायला न्याहारीनंतर आल्या होत्या. त्याआधी मंडळाचे अध्यक्ष एकटेच आले होते. चोर सापडला आहे, आता निर्धास्त राहा, तेवढं घरटं दाखवा म्हणजे सरकारकडं संरक्षण मागता येईल, असं हात जोडून म्हणाले. तिनं बोट दाखवलं नव्हतं. गवत सोडलंय तिथं हाये, जवळ जाऊ नका, एवढंच सांगून ती बैलांना पाणी पाजायला गेली. पण स्वच्छ खुरपलेल्या रानात गवताचा एकच टापू उभा असेल तर आणखी काय दाखवायचं राहतं? जपण्यासाठी सोडलेलं गवतच चोराला खूण झालं होतं.

"म्याच दावलं सायेब," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "म्याच."

आता संशय होता, पण पुरावा नव्हता. प्रतिष्ठित माणूस शेतात येऊन गेला, एवढ्यावर त्याला हात लावला असता तर संध्याकाळपर्यंत माझी बदली झाली असती. मी उलट बाजूनं विचार केला. गाडीत फिरणारा माणूस लांडोरीची अंडी खाण्यासाठी चोरणार नाही. त्याला पिल्लं हवी आहेत. अंडं गार पडलं की संपलं, त्याला ऊब हवी. आमच्या घरी आई अंडी उबवायला खुडूक कोंबडी बसवायची. खुडूक म्हणजे अंडी द्यायची थांबते आणि अंडी उबवायच्या नादानं नुसती बसून राहते ती कोंबडी. ज्याच्याकडं अशी असते तो वैतागतो आणि मिळेल त्या भावाला फुंकून टाकतो. अशी कोंबडी आपणहून शोधत बाजारात फिरणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तसा कुणी असेल तर तोच माझा माणूस होता.

पाचोडच्या आठवडी बाजारात मी साध्या कपड्यांत गेलो. कोंबड्यांच्या ओळीत एक म्हातारे मियाँ बसत, त्यांची माझी जुनी ओळख होती. त्यांच्याजवळ उकिडवा बसून मी खुडूक कोंबडीचा विषय काढला. ते हसले.

"साब, खुडूक मुर्गी कौन लेता? पन एक गिऱ्हाईक है, वाळूज के उधर का. खुडूकच होना बोलता. मैं बोला, मियाँ, ये अंडे नै देती. तो बोला, अंडे हमारे पास हैं."

मी तिथंच मांडी घालून बसलो. ते गिऱ्हाईक कुठं राहतं असं विचारलं, तर मियाँनी स्वतःच एकदा तिथं कोंबड्या पोचवल्या होत्या. वाळूजच्या कारखान्यांच्या पलीकडं माळावर प्लॉट पाडले आहेत, तिथं एक फार्महाऊस आहे. फाटकावर मोराचं मोठं चित्र आहे.

वन विभागाचे अधिकारी आणि पंच घेऊन आम्ही सकाळी तिथं पोचलो. फाटकावरच्या फलकावर पिसारा फुलवलेला मोर होता आणि खाली लिहिलं होतं, 'मोरांच्या सोबतीनं राहा'. माळावर चुन्याच्या रेघा मारलेल्या, झाड औषधालाही नाही. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डालग्यांची, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपल्यांची, रांग होती. एक डालगं उचललं. खाली लहानशी गावरान कोंबडी दोन्ही पंख ताणून बसली होती, आणि तिच्या पोटाखालून पिवळसर पांढरी मोठाली अंडी बाहेर डोकावत होती. तिला ती झाकता येत नव्हती, तरी ती हलायला तयार नव्हती. एका डालग्यात पिल्लं निघालेली होती.

तिथला देखरेख करणारा माणूस म्हणजे मियाँचं तेच गिऱ्हाईक. आधी तो म्हणाला, टर्कीची अंडी आहेत. वन अधिकाऱ्यांनी पिल्लू हातात घेऊन दाखवलं तेव्हा फाटकाकडं सरकू लागला. मी आवाज चढवला नाही. चौकशीत धाक घालण्यापेक्षा माणसाला त्याची किंमत सांगावी. मी एवढंच विचारलं, तुझ्या मालकाचा वकील उद्या येईल, तो तुझाही असेल का? त्यानंतर त्याचा जबाब सरळ आला. साहेब, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, रविवारी फिरून परतताना अंडी आणत, चपात्या गरम ठेवायच्या हॉटपॉटमध्ये कापूस घालून. सोबतच्यांना वाटे, त्यांचा नाश्ता आहे. प्लॉट पाहायला गिऱ्हाईक आलं की अंगणात मोर फिरताना दिसायला हवे होते.

अध्यक्षांना बोलावलं. आधी त्यांनी बड्या माणसांची नावं घेतली, मग इंग्रजी झाडलं, शेवटी संवर्धनावर आले. रानात साप आहेत, कुत्री आहेत, आपण तर ती अंडी वाचवत होतो, म्हणाले. मी विचारलं, वाचवत होतात तर ठाण्यात तक्रार कुणाविरुद्ध दिलीत? यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले. खरं कारण नंतर कळलं. मंडळातल्याच एक बाई रिकाम्या घरट्यांबद्दल प्रश्न विचारू लागल्या होत्या. त्यांना द्यायला एक चोर हवा होता आणि पारधी हाताशी होता.

कागदपत्रं वन विभागाकडं वर्ग झाली. अध्यक्षांना जामीन मिळाला, तारखा पडत राहिल्या, प्लॉटही विकले गेले असतील. काही अंडी उबली, काही नासली. वन विभागानं पिल्लं नेली, पण ती कोंबडीच्या मागं वाढलेली, माणूस दिसला की दाणा मागायला पळत येत. रानात अशा पक्ष्याचं काय होतं ते सांगायला नको.

छाप्याच्या दिवशी संध्याकाळी मी राखणदाराला सांगितलं, जा, तुझं काम संपलं. त्यानं विचारलं, "सायेब, उद्या किती वाजता यायचं?" यायचं नाही, असं मी दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आलो तर तो बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. त्याचा विश्वासच बसला नव्हता. एखाद्याला चोर ठरवायला एक वाक्य पुरतं, आणि तो चोर नाही हे त्याला स्वतःला पटवायला सगळं ठाणं कमी पडतं. ही चीड माझ्या मनातून आजही जात नाही. मी त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, गावात नेलं आणि चावडीसमोर चार माणसांत तो निर्दोष असल्याचं मोठ्यानं सांगितलं. कुणी मान हलवली, कुणी नुसतं ऐकलं. मंडळाकडून माफीचा एक शब्द आला नाही.

पुढच्या वर्षी माझ्या बदलीचा हुकूम आला, तेव्हा खुरपणीच सुरू होती. निघण्याआधी त्या बाईच्या शेतावर गेलो. रान पाहून चकित झालो. कपाशीत जागोजागी गवताचे टापू सोडलेले, इथं एक, तिथं एक, बांधाला चार. शेजारच्या तुरीतही तेच. एखाद्या नवख्याला वाटलं असतं, या गावच्या बायांना खुरपता येत नाही. गवत पीक खातं, नुकसान होतं, हे मला सांगायची गरज नव्हती.

मी विचारलं, "मावशी, यातल्या कुठल्या टापूत बसली आहे?"

तिनं राखणदाराकडं पाहिलं. तो जमिनीकडं पाहत किंचित हसला. त्या वर्षात त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"राग नका धरू सायेब," ती म्हणाली. "पर आता तुमाला बी नाय सांगायचं."

नोकरीत मला पुष्कळ जणांनी माहिती द्यायला नकार दिला आणि तो मोडून काढणं हेच माझं काम होतं. हा एकच नकार मी सलाम करून घेतला. जपायचं म्हणजे आपण पाहून यायचं, असं आम्हा शिकल्यासवरल्यांना वाटतं. मी त्या रानात पाय टाकला नाही. बांधावरूनच परत फिरलो आणि जीपही लांब जाईपर्यंत ढकलत न्यायला लावली, इंजिन सुरू केलं नाही.