राम राम म्हटलं आणि मेलो

मंडळी, आज भरदुपारी भोरच्या माझ्या पंपाच्या दुकानात बसून मी दोनदा मेलो.

आमच्या लेकीनं, पूजानं, भुताची मोबाईल गेम बनवलीय. अंधारं जंगल, हातात शस्त्र नाही, फक्त लपायचं. वेगळेपण असं की फोनचा माईक चालू राहतो. आपण खरोखर तोंडातून आवाज काढला, की भूत आपल्याला गाठतं.

माझे कान तिखट. पाचोळ्यातलं पाऊल बरोब्बर माझ्या मागं आलं आणि अंगावर काटा आला. श्वास रोखला, तेवढ्यात दारात आमचं जुनं गिऱ्हाईक, उत्रोली गावचे तात्या.

"राम राम, शेठ!"

"राम राम, या!" खेळ खलास.

पुन्हा सुरू केला. तात्या म्हणाले, "लई घाम फुटलाय तुमाला."

"भूत हाय तात्या, गप बसा!" परत मेलो.

"गप बसाया व्हय मी हितं आलोय?"

पूजाचे पुण्यातले भागीदार म्हणतात, लोक वैतागतील, माईक काढ, नाहीतर आम्ही बाहेर पडतो. तिला उद्यापर्यंत उत्तर द्यायचं होतं.

दोष मलाही दिसले. शेवट घाईत उरकलाय, वाटा कळत नाहीत, चार माणसांत खेळता येत नाही. पण घाम फोडला तो त्या माईकनंच.

मघाशी पूजाला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, ते गेले तर?"

म्हटलं, "जाऊ देत. भीती काढून भुताची गेम विकायची नाही."

माझं चुकलं असेल तर बिनधास्त सांगा. तिनं मात्र त्यांना नकार कळवलाय.