निरोगी मुलांच्या रांगेतली नळी

चहा उभ्यानेच पिणार, तोही अर्धा. सुई टोचण्याआधी मुलाचा हात स्वतःच्या तळव्यात धरून ऊबदार करणार. ‘दुखणार नाही’ असं कधी सांगणार नाही. म्हणणार, ‘दुखेल, पण पटकन उरकू.’ घराला कुलूप लावून ओढून बघणार, जिना उतरणार आणि खालच्या पायरीवरून परत वर जाऊन पुन्हा ओढणार.

रुग्णालयात मुलं तिला सुईमावशी म्हणतात. मी साहित्याची विद्यार्थिनी, तिच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते, संध्याकाळी तिच्या लेकीला वाचायला शिकवते. वयाने ती माझ्याहून बरीच मोठी, पण मैत्रीणच.

तिच्याकडे मंत्रचळाची मुलं येतात. हात धूधू धुणारी, डोळे मिचकावणारी, मान झटकणारी. डॉक्टरबाईंचा त्यावर अभ्यास चाललाय. शरीराची रोगाशी लढणारी फौज काही मुलांत चुकून आपल्याच माणसांवर चालून जाते का, आणि रक्तात तिच्या खुणा सापडतात का, हे त्यांना बघायचंय. कुणाच्या रक्तात खुणा सापडतात, कुणाच्या नाही. पक्कं अजून काहीच नाही. रक्त काढता काढता सुईमावशी आयांना समजावते, मूल मुद्दाम करत नाही, ओरडू नका.

तुलनेला निरोगी मुलं हवी होती. धडधाकट पोराला सुई कोण टोचू देणार? शेवटी कर्मचाऱ्यांनीच आपापली मुलं आणली. सुईमावशीने लेकीला नेलं. काही सवयी, झटके आहेत का, असं बाईंनी विचारलं तेव्हा नाही म्हणाली. लेकीच्या रक्ताची नळी निरोगी मुलांच्या रांगेत गेली.

लेक तेव्हाही डोळे मिचकावत होती. मी एकदा चाचरत विषय काढला. भांडी घासता घासता ती म्हणाली, "तुम्हा साहित्यवाल्यांना सगळ्यातच अर्थ दिसतो. चष्मा लागलाय तिला, बाकी काही नाही."

चष्मा आला. मिचकावणं चष्म्याआड चालू राहिलं.

मग मान झटकणं सुरू झालं. मग दाराची चौकट. मनासारखं बोट लागेपर्यंत लेकीला बाहेर पडता येईना. शाळेला रोज उशीर. काल सकाळी मी जिन्यात होते. लेक चौकटीला बोट लावून आत जात होती, परत बाहेर येत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना शांत करणारी ही बाई ओरडली, "बंद कर ही नाटकं!"

दिव्याखालचा अंधार मी तोवर पुस्तकातच वाचला होता.

लेक रडली नाही. दमलेल्या म्हातारीसारखी म्हणाली, "आई, तू कुलूप ओढतेस तेव्हा तुला कोण ओरडतं?"

सुईमावशी जिन्यातच बसली. मला म्हणाली, "कळत होतं गं मला. लोकांची पोरं मी दारातून ओळखते." मग हळूच, "माझ्याकडूनच आलं असेल का?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

कामावर गेल्या गेल्या तिने बाईंना सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, हेच तिला जड गेलं. नळी रांगेतून निघाली, नाहीतर सगळी तुलनाच बिघडली असती. तिने विचारलं, खुणा होत्या का त्यात? दोष रक्ताचा निघावा, आपला निघू नये, एवढंच तिला हवं होतं. एका नळीवरून काही सांगता येत नाही, बाई म्हणाल्या, उद्या मुलीलाच घेऊन या. हे मला सांगताना ती हसली, नुसती ओठांनी.

आज सकाळी दोघी निघाल्या. लेक चौकटीपाशी अडकली. सुईमावशी पिशवी खांद्याला अडकवून उभी राहिली, लेकीचं समाधान होईपर्यंत. मग दार ओढून घेतलं, कडीत कुलूप घातलं आणि लेकीचा हात धरून जिना उतरली. खालच्या पायरीवर तिचा पाय थबकला. मान वर वळली. लेक तिच्याकडे बघत होती.

दोघी गेल्या.

थोड्या वेळाने मी खाली उतरले. कुलूप कडीत नुसतंच लटकत होतं. दाबायचं राहून गेलं होतं.