डिफिकल्ट, उदाहरणासह

स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलाकडे नर्सबाईंना आता बघवत नाही. परदेशातल्या नोकरीसाठी त्यांना इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची होती. क्लासच्या सरांचा दंडकच होता: विशेषण वापरलं की लगेच घरातलं उदाहरण द्यायचं, आणि समोर कुणाला तरी बसवून, त्याच्याकडे बघत बोलायचं. ‘डिफिकल्ट’ नुसतं गणिताला नाही, माणसालाही चालतं, असंही सर म्हणाले. झालं! बाईंना घरातच माणूस सापडला.

वॉर्डातून आल्या की त्या बाबांना स्टुलावर बसवायच्या आणि वेळ मोजायला हातात घड्याळ द्यायच्या. “माय फादर इज डिफिकल्ट,” अशी सुरुवात. मग बाबा नळ उघडा ठेवतात, टीव्ही मोठ्याने लावतात, एकच गोष्ट दहादा विचारतात. बाबांना इंग्रजी कळत नाही, या भरवशावर बाईंची जीभ सुसाट सुटायची. संपलं की बाबा खूश. “झकास! कुठ्ठे अडखळली नाहीस.”

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र बाबांनी मध्येच थांबवलं. “तेवढं नळाचं बदल गं. हल्ली मी बंद करतो.”

बाई गारच पडल्या. “तुम्हाला कसं कळलं?”

“ते वाक्य आलं की तू आधी नळाकडे बघतेस, मग माझ्याकडे.”

बाईंची मान वर होईना. बाबांनी घड्याळ पुन्हा नीट धरलं.

“हं, कर सुरू. बाकीचं तसंच राहू दे. ते अजून जमलेलं नाही.”