सतरावं पान

साळूबाई हरसूलच्या बाजारात भाजी विकतात. नऊ वर्षांत त्यांची जागा रिकामी दिसली ती फक्त तारखेच्या दिवशी. त्या आणि त्यांचा नवरा मोतीराम पहाटेच्या एसटीने निघत. यायची गरज नाही, असं वकील सांगून थकला, तरी जात. मी कोर्टातला निवृत्त बेलिफ. त्यांचे कागद मीच वाचून दाखवतो. कोर्टाचा मला वीट आलाय, पण या दोघांना नाही म्हणवत नाही.

त्यांची लेक दीपमाला सरकारी वसतिगृहात तापाने गेली. तीन दिवस पोर फणफणली होती. कोणी दवाखान्यात नेलं नाही, घरी निरोप धाडला नाही. सरकारने ही चूक कबूल करावी, एवढंच दोघांचं मागणं. खालच्या कोर्टात हरले, म्हणून हायकोर्टात अपील केलं. गेल्या सोमवारी तेही फेटाळलं.

मोतीराम निकाल घेऊन एकटाच माझ्याकडे आला. बावीस पानं, सगळी इंग्रजीत. सतराव्यावर मी अडखळलो. आईने नकार दिल्यामुळे शवविच्छेदन झालं नाही, म्हणून मृत्यूचं कारण सिद्ध होत नाही, असं तिथे लिहिलं होतं.

"नाना, हे तिला वाचू नका," मोतीराम म्हणाला. "वकिलानं पहिल्याच वर्षी सांगितलं व्हतं, यावरच केस जाईल. मी तिला बोललो नाय."

नऊ वर्षं हे पोटात ठेवून हा माणूस एसटीत बसत होता! मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

संध्याकाळी त्यांच्या ओटीवर मी निकाल सांगायला बसलो. साळूबाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होत्या. सोळावरून मी थेट अठरावर गेलो.

"दोन पानं एकदम उलटली तुम्ही," त्या म्हणाल्या. जुड्या मोजणारी बाई, पानं मोजल्याशिवाय कशी राहील?

मोतीराम उठला.

"बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बिनलग्नाची पोर, तिला हळद लावून पाठवायची व्हती. कापलेल्या अंगाला हळद कशी लावू? म्हणून नको म्हनले. डाक्टर तवाच बोलला व्हता, बाई, मग काय सिद्ध व्हायचं नाय."

"मग इतकी वर्षं कशाला गेलात?" मी चिडूनच विचारलं.

"ह्यांना लय आशा व्हती, नाना. ती कशी मोडू?"

मोतीराम खाली बसला.

"मी तर तुझ्यासाठी जात व्हतो," तो म्हणाला.