माझ्यावाचून चाललेला कारखाना

उज्जैन सोडलं त्या सकाळी देवास गेटच्या बसस्टँडवर मला सोडायला आई आणि धाकटी बहीण माधुरी, दोघीच होत्या. बाबा कारखान्यात होते. घरातून निघताना पाया पडलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जा. इथलं मी बघून घेईन." आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला कित्येक वर्षं बोचत राहिलं.

बाबा कापड गिरणीत फिटर होते. वाफेच्या पाइपांवरचे व्हॉल्व्ह दुरुस्त करता करता ते बनवायला शिकले. गिरणीचं काही खरं नाही हे दिसल्यावर त्यांनी एक जुनं लेथ मशीन घेतलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तसे ते गावोगावच्या नळयोजनांसाठी व्हॉल्व्ह बनवू लागले. मी इंजिनीअरिंगचा डिप्लोमा केला तो पुढे हे सांभाळायलाच, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी मात्र पुण्यात नोकरी धरली. तिथे माझ्या हिंदीमिश्रित 'मालूम नाही'ला लोक हसायचे. मीही हसायचो. पण घरी फोन केला की कारखान्याबद्दल विचारायची हिंमत व्हायची नाही.

एका दुपारी माधुरीचाच फोन आला. बी.कॉम. झाल्यावर ती कारखान्यातला पत्रव्यवहार बघत होती.

"दादा, ट्रक दारात लागलाय आणि टेस्टिंगला दोन व्हॉल्व्हमधून पाणी झिरपतंय. कास्टिंगच खराब आहे. बाबा म्हणतात, हे दोन काढ, बाकीचे भेजून दे."

"तुला काय वाटतं?"

"सगळे परत टेस्ट करायला हवेत."

"मग थांबव ट्रक."

तिने तो रिकामा परत पाठवला. पुन्हा तपासल्यावर आणखी पाच गळके निघाले. उशिराचं खरं कारण तिने गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सांगितलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण थांबलं. बाबा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मात्र माल निघण्याआधी ते विचारू लागले, "माधुरीने पाहिलं का?"

मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आता परत यायलाच हवं, असं ठरवून मी उज्जैनला गेलो. कारखान्यात माधुरी टेस्टिंगच्या मशीनपाशी उभी होती. "भैया, प्रेशर धीरे बढ़ाओ," ती कारागिराला सांगत होती. तिने मला पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा काट्याकडे बघू लागली.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "नोकरी सोडतो."

ते म्हणाले, "तू इथे असतास तर माधुरीला मी मशीनपाशी उभं राहू दिलं नसतं. तुझी जागा म्हणून सगळं धरून बसलो असतो. बरं झालं गेलास."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फक्त भूक लागली. संध्याकाळी माधुरी मला टावर चौकात कचोरी खायला घेऊन गेली. खाताना तिला कास्टिंग ओतून देणाऱ्या फाउंड्रीवाल्याचा फोन आला आणि बोलणं लांबलं. तिच्या वाटणीचीही कचोरी मीच संपवली. नोकरी सोडली नाही; पुण्याला परतलो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेलेत त्यांना सांगतो, माझं घर अजून उज्जैनलाच आहे. तिथे माझी वाट पाहतात, पण माझ्यावाचून काही अडत नाही. आता मी फोन केला की आधी कारखान्याचंच विचारतो.