साडूचं टेबल

सोल्डरिंगचं यंत्र, आणि त्यावर तापमानाचे लाल आकडे! खटपट्याने ते पाहिलं आणि त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

खटपट्या म्हणजे नोंदणी कार्यालयातला कारकून. नाव सासुरवाडीने ठेवलेलं, आणि गडी ते मिरवायचा. वीस वर्षं त्या घरातला जळका मिक्सर, मुकी झालेली बेल, रुसलेलं घड्याळ, सगळं त्याच्याकडे यायचं. हत्यारं तरी काय होती हो त्याची? स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात तारांना डाग द्यायची, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली सोल्डरिंगची सळई, दात झिजलेली पक्कड, आणि वीज मोजायचा एक मल्टिमीटर, जो चकती अंगठ्याने दाबून धरल्याशिवाय आकडाच दाखवायचा नाही. बायकोला भाजी चिरायची असली की सगळा पसारा मुकाट्याने डब्यात. पण सासरे चारचौघांत म्हणायचे, "आमच्या थोरल्या जावयाच्या हाताला गुण आहे." तेवढ्या एका वाक्यावर स्वारी वर्षभर खूश असायची.

आणि आता हा साडू! बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, औषधांच्या कंपनीत विक्रेता. काल-परवापर्यंत याला बल्ब बदलायला दुसरं माणूस लागायचं. सहा महिने मोबाइलवर व्हिडिओ काय पाहिले, आणि पठ्ठ्याने अख्खी खोली अडवली. भिंतभर टेबल, मापाप्रमाणे टांगलेले पाने, एकाला एक लागून बावीस स्क्रूड्रायव्हर. खटपट्याने ते मोजले. मोजायचे नव्हते, तरी मोजले.

"या ना साडूभाऊ," साडू अगदी मनापासून म्हणाला. "हा पंखा सोल्डरचा धूर ओढून घेतो. हा भिंगाचा दिवा. आणि या पडद्यावर विजेची लाट दिसते बघा."

"छान आहे," खटपट्या म्हणाला. "पण एवढं सगळं लागतं कशाला?"

मला लागतं, मला! वीस वर्षं मी तो धूर नाकाने ओढतोय, आणि पंखा कुणाला, तर याला! हे सगळं त्याच्या मनात. चेहऱ्यावर हसू होतं, पण कसलं ते, नव्या चपलेने टाच सोलवटलेल्या माणसाचं.

तरी हेही त्याने गिळलं असतं. पण टेबलाच्या मधोमध सासऱ्यांचा रेडिओ होता. सासऱ्यांची नजर अलीकडे अधू झालेली. वाचता येईना, म्हणून दिवसभर तो रेडिओच त्यांचा सोबती. त्याच्या पोटातली तार न् तार खटपट्याच्या ओळखीची, चारदा त्यानेच तो बोलता केलेला. आणि आज सासरे तो घेऊन इथे, या खुर्चीत!

"इथे सोय चांगली आहे ना," सासरे म्हणाले, "तुम्हाला त्या खिडकीखाली उगाच त्रास."

त्रास! खटपट्याला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. रेडिओ आज या टेबलावर बोलला की संपलं. उद्यापासून त्या घरातली साधी बॅटरीसुद्धा आपल्याकडे येणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं.

साडूने रेडिओचं झाकण काढलं, पिन बोर्डात खोचली. "आधी आतपर्यंत वीज येतेय का बघू," म्हणत त्याने नव्याकोऱ्या मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या हातात घेतल्या.

खटपट्याची नजर मीटरवर गेली. लाल वायर अ‍ॅम्पिअरच्या भोकात होती!

ही चूक अडाणी माणूस करत नाही, त्याला अ‍ॅम्पिअर मोजताच येत नाहीत. ही चूक नुकतंच थोडं येऊ लागलेल्याची. सकाळी कशाचा तरी करंट मोजला असेल, आणि वायर परत जागेवर लावायची राहिली असेल. वायर त्या भोकात असताना काड्या घरच्या विजेला लावल्या, की मीटर नुसता तारेचा तुकडा होतो. सरळ शॉर्ट.

"अहो..." एवढं त्याच्या जिभेवर आलं. मग त्याने सासऱ्यांकडे पाहिलं. ते कौतुकाने साडूच्या हाताकडे वाकले होते. होऊ दे, खटपट्या मनात म्हणाला. फ्यूज उडेल, दुसरं काय! एकदा होऊ दे की फजिती. आणि त्याने तोंड मिटलं.

फाट्कन आवाज झाला. निळा लोळ उठला, काडीचं टोक वितळलं, मीटर हातातून उडाला, आणि घरभरचे पंखे बंद पडले. "आई गं!" साडू किंचाळला. त्याची तीन बोटं काळी पडली होती. धाकटी धावत आली आणि नवऱ्याला ओढत नळाकडे घेऊन गेली.

खटपट्या दोन ढांगांत दारापाशी पोहोचला, मेन स्विच खाली केला, तिथल्याच बोर्डातली पिन उपटली. छाती धडधडत होती, पण खरं सांगायचं तर त्यात आनंदच जास्त होता. दारातूनच, वळता वळता, तो जाणत्याच्या थाटात म्हणाला, "लाल वायर अ‍ॅम्पिअरच्या भोकात राहिली, दुसरं काय! आधी बघायला नको?"

मीटर पडल्याचा आवाज आला होता तिकडे, टेबलाखाली, सासऱ्यांनी बोट दाखवलं. तो तिथे पालथा पडला होता, दोन्ही वायरी निसटून लांब गेल्या होत्या.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तर मीटर बघायला अजून वाकलाही नाहीत."

खटपट्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. काहीतरी बोलायला हवं होतं. अंदाजाने म्हणालो, असं म्हणता आलं असतं.

तेवढ्यात नळाखाली बोटं धरलेला साडू आतून ओरडला, "साडूभाऊ, रेडिओ तुम्हीच घेऊन जा हो! ते काम तुमच्याच हातचं. मी आपला नवशिका!"

खटपट्याने टेबलाकडे हात पुढे केला. त्याच्याआधी सासऱ्यांनी चाचपडत रेडिओ उचलला आणि उघड्या झाकणासकट मांडीवर घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "दुकानात देईन कुणाकडे तरी."